मतं मागणारे न्यायाधीश

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या तुमच्या दारात कुणी हात जोडून उभं राहिलं आणि म्हणालं, ‘मला न्यायाधीश व्हायचंय, मत द्या’, तर? आपल्याकडे खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायचं तर लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मात्र ही खुर्ची निवडणुकीनं मिळते, तीही पक्षाच्या तिकिटावर!

ह्यूस्टन शहराला लागून फोर्ट बेंड नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग आहे. तिथल्या २४०व्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीश सुरेंद्रन पट्टेल मूळचे केरळातल्या कासरगोडचे. आईवडील मोलमजुरी करणारे. दहावीनंतर मुलाचं शिक्षण सुटलं आणि तो बिड्या वळायला बसला. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. आपल्या सोलापूर-सिन्नरकडच्या आयाबायांना हे काम काही वेगळं सांगायला नको.

वर्षभरानं तो कॉलेजात गेला, पण बिड्या काही सुटल्या नाहीत. हजेरी भरेना. परीक्षेला बसू देईनात, तेव्हा त्यानं शिक्षकांना गळ घातली: बसू द्या, मार्क चांगले नाही पडले तर शिक्षण सोडतो. बिड्यांचं मात्र सांगितलं नाही. कुणाची कीव नको होती. निकाल लागला तेव्हा पोरगा पहिला! पुढे कोझिकोडला हॉटेलात काम करत १९९५ साली कायद्याची पदवी घेतली. वकिली केली. पत्नी परिचारिका, तिच्या नोकरीमुळे २००७ साली कुटुंब ह्यूस्टनला गेलं. तिथं हा अनुभवी वकील आधी किराणा दुकानात कामाला लागला. दोनेक वर्षांत टेक्सासची वकिलीची परीक्षा पास झाला आणि २०१७ साली नागरिक झाला.

२०२० साली न्यायाधीशपदासाठी उभे राहिले ते पडले. २०२२ साली पुन्हा उभे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट कुणाला हे ठरवणाऱ्या निवडणुकीत खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशालाच हरवलं, मग नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवाराला. प्रचारात त्यांच्या इंग्रजी उच्चारांवरून टोमणे मारले गेले. १ जानेवारी २०२३ ला ते पदावर आले.

गोष्ट छान आहे, पण मला एक खटकतं. गंभीर गुन्ह्यांचे खटले, घटस्फोट, जमिनीचे दावे या कोर्टांपुढे येतात. न्यायाधीशांच्या प्रचाराला देणग्या देणाऱ्यांत वकीलही असतात, आणि उद्या त्यातलेच कुणी त्यांच्यापुढे उभे राहतात! कायद्यानं देणगीवर मर्यादा आहे, तरी पक्षकाराच्या मनातली शंका कोण काढणार? मतदारालाही इतक्या उमेदवारांची कुठली ओळख? तो बहुधा पक्ष बघून मत देतो.

उलट बाजूनं असंही म्हणता येईल, की निवडणूक नसती तर परक्या उच्चारांच्या या वकिलाला तिथं कुणी नेमलं असतं का? मला तरी शंकाच आहे. मुदत चार वर्षांची. ती संपली, आणि पद टिकवायचं असलं, की न्यायाधीशसाहेब पुन्हा लोकांच्या दारात!