निफाडची थंडी, अंजनेरीचं ऊन

(नाशिकमध्ये धावणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्या निम्म्या जणांच्या मनगटावर किलोमीटरमागे किती मिनिटं लागली ते सांगणारं घड्याळ दिसतंय. आज मी त्याच आकड्याच्या विरोधात बोलणार आहे, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो. हिवाळ्यात, डोंगरातून, पायवाटांनी मॅरेथॉन धावायची असेल तर वेगाचा आकडा फार उपयोगी पडत नाही. लक्ष तापमानाकडे ठेवावं लागतं. बाहेरच्याही आणि अंगातल्याही. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे हे माझं जुनं वेड आहे असं समजा.

४२.१९५ किलोमीटर हे अंतर आलं १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमधून आणि कायमचं ठरलं १९२१ साली. ते रस्त्यासाठी. डोंगरात शेवटचे १९५ मीटर मोजत कुणी बसत नाही. आयोजक बेचाळीस म्हणतो, वाट एखादा किलोमीटर इकडेतिकडे होतेच, आणि त्यावरून भांडणाऱ्याने सरळ गंगापूर रोडवर पळावं. खरा फरक वेळेत पडतो. रस्त्यावर चार तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्या माणसाला चढ-उतारांच्या वाटेवर सहा तास सहज लागतात. साडेसहाला सुटलेला माणूस साडेबाराला पोहोचतो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना कळत नाही ते हे, की नाशिकच्या जानेवारीत या दोन वेळा म्हणजे जवळजवळ दोन ऋतू असतात.

निफाडचं नाव दर हिवाळ्यात पेपरात का येतं? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तापमानाची नोंद होते आणि राज्यातला नीचांक बऱ्याचदा तिथलाच निघतो. डिसेंबर २०१८मध्ये तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, नाहीतर मणी तडकतात. आता गंमत बघा. निफाड काही उंचावर नाही, गोदावरीच्या खोऱ्यात, सखल भागात आहे. आपण शाळेत शिकवतो की हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मग थंडी डोंगरावर जास्त पडायला हवी. पण थंड हवा जड असते. आभाळ निरभ्र आहे, वारा पडलेला आहे, अशा रात्री उतारांवरची हवा जमिनीला लागून गार होते आणि पाण्यासारखी ओघळत खोऱ्यात येऊन साचते. म्हणून पहाटेपुरता शाळेतला नियम उलटा होतो. पायथ्याला हुडहुडी भरते आणि डोंगराच्या कमरेपर्यंत चढलात की हवा ऊबदार लागते.

ज्यांनी त्र्यंबकजवळची अंजनेरी पहाटे चढलीय त्यांनी हे अंगावर अनुभवलंय, फक्त कारण वेगळं लावलंय. 'चढलो म्हणून गरम झालं' असं आपण म्हणतो. चढल्यामुळे होतंच, पण हवाही बदललेली असते. पुढे सुमारे तेराशे मीटरवर पठार लागलं की वारा भेटतो आणि घामाने भिजलेल्या बनियनमधून आरपार जातो. अकरानंतर तेच पठार तापतं. काळा कातळ, पिवळं वाळलेलं गवत, सावलीला झाड नाही. खाली उतरेपर्यंत पारा अठ्ठावीसच्या आसपास गेलेला असतो. पहाटे कानटोपी घालून निघालेला माणूस दुपारी तीच भिजवून डोक्यावर घेतो. सहा तासांत हे सगळं.

आता अंगातल्या तापमानाकडे येतो. धावताना किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला ढोबळमानाने एक कॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरला अडीच हजार झाल्या. डोंगरात आणखी जास्त. यातला जेमतेम चौथा हिस्सा पाय हलवण्यात जातो, बाकीची नुसती उष्णता. म्हणजे पळतोय तोवर आपण स्वतःच शेकोटी असतो. घोळ होतो थांबल्यावर. पाणी प्यायला थांबलात, बूट सोडून खडा काढलात, वाट चुकून चर्चा करत उभे राहिलात, की शेकोटी विझते आणि कपडे मात्र ओलेच राहतात. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून घेतं. सुती टीशर्ट घामाने भिजला की तो सुकत नाही, अंगाला चिकटून गारठवत राहतो. माझं सांगणं एवढंच, की सुरुवातीला थोडी थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीच्या रेषेवर ज्याला मस्त ऊबदार वाटतंय त्याने एक कपडा जास्त घातलाय. आणि पाठीवरच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा कपडा आणि वारा अडवणारं पातळ जाकीट हवंच. 'ओझं होतं' हे मला सांगू नका, ते दोन्ही मिळून पाण्याच्या बाटलीपेक्षा हलके असतात.

मी याबाबत इतका हट्टी का आहे ते सांगतो. २२ मे २०२१ला चीनमध्ये, गान्सू प्रांतात, पीत नदीकाठच्या डोंगराळ भागात शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण सुटले. मे महिना, म्हणजे हिवाळाही नाही. वीस किलोमीटरनंतर मोठा चढ होता, जिथे गाडी पोहोचत नाही असा. नेमके लोक त्या चढावर असताना गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला, तापमान धाडकन खाली आलं. बरेच जण अर्ध्या चड्डीत, पातळ बनियनवर होते. जाकीट न्या असं सुचवलेलं होतं, सक्ती नव्हती. एकवीस माणसं गेली. त्यात लियांग जिंगसारखा देशातला नामांकित, लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकलेला धावपटू होता. म्हणजे दमसास कमी पडला म्हणून ही माणसं गेली नाहीत. त्याच डोंगरावर एक मेंढपाळ शेळ्या-मेंढ्या घेऊन आला होता. पाऊस येताच तो डोंगरातल्या एका गुहेत शिरला, जिथे त्याने आधीपासून कपडे आणि जळण ठेवलेलं होतं. त्याने सहा धावपटूंना आत घेऊन शेकोटीजवळ बसवलं आणि ते वाचले. मी ही हकिगत ऐकली तेव्हा त्या मेंढपाळाचाच विचार करत राहिलो. त्या डोंगरात रोज वावरणाऱ्याने गुहेत कोरडे कपडे ठेवले होते, आणि आपण तिथे पाहुणे म्हणून जाताना ग्रॅम मोजतो.

नाशिकला हिवाळ्यात अशी गारपीट होतच नाही असं म्हणणाऱ्याने द्राक्षवाल्याला विचारावं. अवकाळी आपल्याला नवीन नाही.

जरा पायांकडे वळू. पहिला तासभर वाट गवतातून असेल तर दहिवराने बूट भिजतात. पाऊस नाही, ओढा नाही, तरी आतले मोजे पिळून काढावेत इतके ओले. मग आठच्या पुढे वाट कोरडी होते, मुरमाची बारीक पूड उडते आणि ओल्या मोज्यावर बसते. त्याचा पॉलिश पेपर तयार होतो आणि पंधराव्या किलोमीटरला टाचेवर फोड येतो. यावर उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. गवताळ भाग संपला की दोन मिनिटं बसायचं, मोजे बदलायचे. ते दोन मिनिटं शेवटी वीस मिनिटं वाचवतात.

दुसरी गोष्ट कुसळं. आपल्या डोंगरांवर दिवाळीनंतर कुसळी गवत वाळतं आणि त्याची कुसळं मोज्यात शिरतात. ती नुसती टोचत असती तर चाललं असतं. पण त्या बीला जी लांब शेपटी असते ती ओल लागली की उलगडते आणि सुकली की पीळ घेते. बी मातीत स्वतःला रुजवायला निसर्गाने दिलेलं ते गिरमिट आहे. तुमच्या मोज्यात ती पहाटे दहिवराने भिजते, उन्हाने सुकते, आणि दरवेळी पीळ घेत थोडी आत जाते. म्हणून कुसळ दिसल्याबरोबर काढायचं, मुक्कामाला पोहोचल्यावर नाही. पोटरीपर्यंतचे घट्ट विणीचे मोजे किंवा गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावर चढवायचं कापडी आवरण, वापरा. लोकरी मोजे इथे अगदी वाईट, कुसळांना आवतणच ते.

पाण्याबद्दल दोन्हीकडून चूक होते. थंडीत तहान लागत नाही, लघवीला मात्र जास्त लागते, म्हणून पहिले दोन तास लोक पीतच नाहीत. मग ऊन चढलं की घाबरून लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसतात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्याचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तेरा टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, पातळ होऊन धोक्याच्या पातळीखाली गेलेलं होतं. जास्त धोका कुणाला, तर वाटेत भरपूर पिऊन वजन वाढवून आलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. डोंगरात आपण सगळेच चार तासांवरचे आहोत, हे लक्षात घ्या. तेव्हा सुरुवातीपासून घोट-घोट, आणि तहान लागेल तेवढंच. लिंबू, मीठ, साखर यांचं पाणी पुरतं. खायला तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. बेदाण्यांच्या मोठ्या मुठीत तीस ग्रॅम येतात. परदेशी जेलची पाकिटं घ्यायची तर घ्या, पण रिकामी पाकिटं खिशात घालून खाली आणा. बेदाणे आपल्याच जिल्ह्यात होतात आणि त्यांचा कचरा होत नाही.

चढावर चाला. यात लाज कसली? हात गुडघ्यावर ठेवून, श्वास न तुटता चालणारा माणूस दहा पावलं पळून दहा पावलं धापा टाकणाऱ्याला गाठतोच. पाय जातात ते उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, त्यात त्याच्या तंतूंची मोडतोड होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. त्यासाठी सरावात उतार हवा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून खाली रिक्षा केली तर उपयोग नाही! हिवाळ्यात घसारा कोरडा असतो, मुरमाचे गोल खडे पायाखाली बेअरिंगसारखे फिरतात. लांब ढांगा टाकायच्या नाहीत. छोटी, भरभर पावलं, नजर चार पावलं पुढे.

हे सगळं मी फार नवीन सांगतोय अशातला भाग नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या येतात, त्या याच थंडीत, पहाटे निघून चालतात. डोक्यावर मुंडासं, अंगावर घोंगडी, आणि ऊन चढलं की तीच घोंगडी घडी करून खांद्यावर. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची मोठी फेरी चाळीसेक किलोमीटरची होते, तीही अनवाणी करणारे आहेत. आणि हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत याच डोंगरवाटांवर तयार झाली. २०१०ला राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरचं कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१६ला रिओत मॅरेथॉन. तिच्या गावाकडच्या पोरांना 'ट्रेल रनिंग' हा छंद आहे असं सांगितलं तर ती हसतील.

वाट आखणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. रंगीत फिती झुडपाला बांधता, त्या गुरं खातात. ढोरवाटांच्या फाट्यांवर चुन्याच्या खुणा करा आणि गुराख्यांना आदल्या दिवशी भेटून सांगा. शेवटच्या धावपटूच्या मागे बॅकलीड, म्हणजे कुणी मागे राहिलं नाही ना हे बघत येणारा आपला माणूस, हवाच. अंजनेरीच्या कड्यांवर हिवाळा हा गिधाडांचा विणीचा काळ आहे, तिथे भोंगे-ढोल नकोत, ड्रोन तर मुळीच नको. आणि पठार उघडंबोडकं दिसलं तरी वाट सोडून इकडेतिकडे जाऊ नका. अंजनेरीचं कंदीलपुष्प जगात मोजक्याच जागी आहे. ते पावसाळ्यात फुलतं आणि या दिवसांत कंदाच्या रूपाने जमिनीखाली असतं. राखीव क्षेत्र आहे, वनखात्याची परवानगी घ्या आणि दोनशे-तीनशे लोक एकदम वर नेऊ नका. माझं मत विचाराल तर पठारावर शर्यत नेऊच नये. पायथ्याच्या वाड्या, खिंडी आणि धरणाचा काठ यांत बेचाळीस किलोमीटर आरामात बसतात.

आता तुमचे प्रश्न. पहिला बिबट्याचा येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. अंधारात एकट्याने, कानात गाणी घालून, उसाच्या कडेने पळू नका. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा सरावाला दोघं-तिघं मिळून आणि बॅटरी घेऊन निघा. पण खरं सांगू का, मला वाटेत जास्त त्रास वाडीवरच्या कुत्र्यांचा झालाय. कुत्रं अंगावर आलं की पळायचं नाही. थांबायचं, वाकून दगड उचलल्यासारखं करायचं, आणि घरातल्या मावशींना हाक मारायची. त्या कुत्र्याला नावाने दटावतात, मग तुम्हाला विचारतात, "कशापायी पळताय?" त्याचं उत्तर तयार ठेवा. हं, मागच्या ओळीत कुणाचा हात वर होता?