क्लच प्लेट स्वस्त असते, ट्रॅक्टर खोलणं महाग पडतं

मंडळी, नमस्कार. मला छोट्या ट्रॅक्टरच्या क्लचवर बोलायला सांगितलंय आणि समोर निम्म्याहून जास्त द्राक्षवाले बसलेत, तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व भागातले, त्यामुळं मी बागेत चालणाऱ्या ट्रॅक्टरचंच बोलणार. म्हणजे १५ ते २८ एचपी, युवराज २१५, कुबोटा बी २४४१, जॉन डिअर ३०२८ असले. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या मोठ्या गाड्यांचं गणित जरा वेगळं असतं, त्यांनी पण बसा, काय बिघडत नाही.

गॅरेजला माणूस आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "क्लच प्लेट गेली, नवीन टाका." मी म्हणतो थांबा आण्णा, आधी पेडल तर बघू द्या. पेडल हातानं दाबून बघायचं, सुरुवातीला थोडं मोकळं जायला पाहिजे, त्याला फ्री प्ले म्हणतात, बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरला तो २० ते ३० मिलिमीटर असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तकात दिलाय. प्लेट झिजत जाईल तसा हा फ्री प्ले कमी होत जातो आणि एकदा संपला की पेडलवर पाय नसला तरी पेडलच्या जोरावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग फिंगरला, म्हणजे क्लचच्या दाबायच्या दांड्यांना, टेकून राहतं, प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या जड चाकावर, पूर्ण दाबली जात नाही आणि मग क्लच स्लिप व्हायला, म्हणजे घसरायला लागतो. कितीतरी वेळा रॉडचा नट फिरवून काम भागतं. पाना लागतो एक, आणि चहा होईपर्यंतचा वेळ.

फ्री प्ले बरोबर असूनही इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, जळका वास येतोय, तर मग टेस्ट करायची. मोकळी जागा बघा, पुढं माणूस नको, ब्रेक लॉक करा, वरचा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. सोडला तरी इंजिन आपलं चालूच, तर प्लेट खल्लास. ही टेस्ट एकदाच करायची हां, चार जणांना दाखवायला चार वेळा केली तर असलेली प्लेट पण जाईल. अजून एक, पेडल दाबल्यावर किरकिर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, आणि पेडल सोडल्यावर आवाज येतो पण दाबल्यावर थांबतो, तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असायची शक्यता जास्त. ही दोन वाक्यं मिस्त्रीला नीट सांगता आली तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.

आता खरं काम. जीपला, ट्रकला खाली चासी असते, गिअरबॉक्स खाली उतरवला की झालं. ट्रॅक्टरला चासी नसते. १९१७ ला फोर्डसन आला, त्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकमेकांना बोल्ट करून त्याचाच सांगाडा केलेला, आणि आपले बहुतेक ट्रॅक्टर आजही त्याच पद्धतीचे. क्लच बसलाय बरोबर मधोमध, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बेल हौसिंग नावाच्या खोक्यात. म्हणजे एक झिजलेली प्लेट काढायला अख्खा ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो. बॉनेट, सायलेन्सर, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, थ्रॉटलची तार, स्टिअरिंगचा रॉड, फोर व्हील असेल तर पुढं जाणारा शाफ्ट, काही मॉडेलला हायड्रॉलिकचे पाईप, एवढं सगळं सुटं करायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी. प्रत्येक जोडाचा मोबाईलवर फोटो काढा, वायरिंगला चिकटपट्टी लावून नंबर टाका, संध्याकाळी कुठला पिन कुठं होता ते आठवत नसतं.

आणि इथं जिवाचा धोका आहे म्हणून जरा थांबून सांगतो. पुढचा एक्सल मधल्या एका पिनवर झुलतो, बांधावर एक चाक चढलं तरी ट्रॅक्टर सरळ राहतो तो त्यामुळंच. पण ट्रॅक्टर मधून तुटला की इंजिनचं अख्खं धूड त्याच एका पिनवर तोललेलं राहतं, कुठल्याही बाजूला कलंडू शकतं. म्हणून बोल्ट ढिले करायच्या आधी एक्सल आणि त्याच्या वरच्या बीडाच्या मध्ये दोन्ही बाजूंनी बाभळीची पक्की पाचर ठोकायची, हातानं हलवून बघायची, मग पुढचं. इंजिनखाली एक टेकू, गिअरबॉक्सखाली एक टेकू, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, पत्र्याची असेल तर त्याला जॅक लावायचा नाही, दबते. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय नाहीच. हे काम कोब्यावर करायचं, काळ्या रानात झाडाखाली करायला घेतलं की एक बाजू दुपारपर्यंत खचते, मग परत जुळवताना दोन भाग एका रेषेत येत नाहीत आणि सगळे घामाघूम.

दोन भाग वेगळे झाले की क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट काढायच्या आधी फ्लायव्हीलवर आणि कव्हरवर पंचनं खूण करा, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा, एकच पूर्ण काढला तर कव्हर वाकतं. आत काळी पूड असते, ती कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं, तुमच्या प्लेटमध्ये आहे का नाही ते बघून कळत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला रुमाल नाही, चांगला मास्क बांधा.

आता माझा मुद्दा, ज्याच्यासाठी मी आलोय. लोक काय करतात, जुनी प्लेट काढली, नवी टाकली, बंद केला. प्लेटला जितके पैसे लागतात त्याच्यापेक्षा जास्त मजुरी आणि खोळंबा तोडण्या-जोडण्यात जातो. एकदा तोडलाच आहे तर आत जेवढं आहे तेवढं बघून घ्या की. क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग. ही लहान वस्तू आहेत. जुनी प्लेट उजेडात धरून बघा, लायनिंगवर तेल दिसलं तर प्लेट झिजून गेली नाही, सील गळून गेलीय, आणि सील न बदलता नवी टाकली तर ती पण त्याच वाटेनं जाणार. मग मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला.

फ्लायव्हीलचा तोंडावळा पण बघा. निळे डाग, केसासारख्या चिरा असतील तर लेथवर पाठवा, किती काढता येईल याला मर्यादा असते, ती टर्नरला सांगा. आपल्याकडं लेथवाल्यांची काय कमी नाही, किर्लोस्करवाडीला १९१० पासून लोखंडाचं काम चालतंय, या पट्ट्यात चांगला टर्नर शोधावा लागत नाही.

जोडताना मात्र घाई नको. तोडायला दोन माणसं पुरतात, जोडायला तीन लागतात आणि तिन्ही शांत डोक्याची पाहिजेत. प्लेट कुठल्या बाजूनं बसवायची ते बहुतेक वेळा तिच्यावर लिहिलेलं असतं, नसेल तर तुमचा फोटो आहेच. डमी शाफ्ट घालून प्लेट मधोमध धरायची, मगच कव्हरचे बोल्ट आवळायचे, समोरासमोर, टॉर्क रेंचनं. तीन फिंगर असतील तर तिन्हीची उंची सारखी करायची, एक जरी वरखाली राहिली तर गाडी सुटताना थरथरते. स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टवरच्या लांब दात्यांना, ग्रीस बोटानं पुसल्याएवढं, जास्त लावलं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं. दोन लांब स्टड गाइड म्हणून लावा आणि मागचा भाग हळू ढकला, स्प्लाइन बसत नसेल तर फ्लायव्हील हातानं जरासं फिरवा. बसतच नाही म्हणून बोल्ट आवळून ओढून घ्यायचा नाही! गिअरबॉक्सचं वजन प्लेटच्या हबवर आलं की ती वाकते, नवीकोरी प्लेट, आणि पहिल्या दिवसापासून गिअर कर्रकर्र करत पडायला लागतात.

(इथं एकानं विचारलं, प्लेट इतक्या लवकर जाते का.) दादा, पायामुळं. ड्युअल क्लच असेल तर पेडल अर्धं दाबलं की गाडी थांबते, पूर्ण दाबलं की पीटीओ, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट, पण थांबतो. आता ओळीत औषध फवारायचा ब्लोअर चालू आहे, वेल दाट आलाय, गाडी जरा हळू पाहिजे, तर ड्रायव्हर गिअर बदलत नाही, पाय अर्धवट ठेवून ओळच्या ओळ जातो. ब्लोअर मस्त फिरतोय, गाडी हळू चाललीय, आणि चाकाची प्लेट आत भाजतेय. खालचा गिअर कशाला दिलाय? नव्या प्लेटला पहिले काही दिवस जड काम देऊ नका, मग फ्री प्ले परत एकदा मोजा.

वेळ कधीची धरायची, तर फळछाटणीच्या आधी. छाटणी झाली, पोंगा म्हणजे नवी फूट निघाली, वर ढग आले आणि ट्रॅक्टर मधून तुटलेला असला तर डाऊनी रोग तुमच्या मिस्त्रीसाठी थांबणार नाही. आगाप छाटणीवाल्यांनी तर पाऊस सुरू व्हायच्या आधीच बघून घ्यावं.

(शेवटचा प्रश्न, पावसाळ्यात उभा राहिलेला ट्रॅक्टर, पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही.) प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलीय. लगेच तोडू नका. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, बंद करा, गिअरमध्ये टाका, मोकळ्या रानात पेडल पूर्ण दाबून स्टार्टर मारा, काही गाड्यांत स्विच गिअरमध्ये स्टार्ट होऊ देत नाही, तिथं मिस्त्रीला बोलवा. गाडी चालू लागली की पेडल दाबलेलंच ठेवून ब्रेक टच करत राहा, बऱ्याचदा सुटते. आणि पुढच्या वर्षी उभा करताना पेडल दाबून हुक अडकवा, काही गाड्यांना तो कंपनीकडूनच असतो, नसेल तर लाकडाचा ठोकळा लावा.