न आठवणारी आई

मंडळी, आईवरच्या मराठी कवितांबद्दल बडोद्यात बोलायचं म्हणजे घरचीच गोष्ट. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, १८९४ साली जन्मले ते इथेच. आणि यशवंत १९४०मध्ये या संस्थानचे राजकवी झाले. दोघेही रविकिरण मंडळ या कविमंडळातले. एकाची ‘प्रेमस्वरूप आई’, दुसऱ्याची ‘आई म्हणोनि कोणी’. इथल्या ज्येष्ठांना दोन्ही तोंडपाठ असतील. बाकीच्यांच्या कानावरून पहिली निदान लताबाईंच्या आवाजात गेली असेल.

या दोन कवितांची नावं आपण जोडीनेच घेतो. वृत्तही एकच, आनंदकंद: गागालगा लगागा, गागालगा लगागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू अक्षर). घरी जाऊन एकीची चाल दुसरीला लावून बघा, बसते. शोकाची जात मात्र वेगळी.

यशवंतांकडे आठवणी भरपूर आहेत. शाळेतून आल्यावर पोटाशी धरणं, काढून ठेवलेला घास. शिवाय जिथे पाहावं तिथे दुसऱ्याची आई: कुणाचं तरी मूल हाक मारतंय, चिमणी पिलांना चारा देतेय, गाय वासराला चाटतेय. ‘स्वामी तिन्ही जगाचा’ ही ओळ आता मातृदिनाच्या मेसेजमधून इतकी फिरते, की ती म्हणणारं पोरकं पोर आपल्याला दिसेनासंच झालंय. मला विचाराल तर त्या ओळीपेक्षा तो काढून ठेवलेला घास मोठा.

माधव जूलियन यांच्याकडे असा घासही नाही. ‘चित्ती तुझी स्मरेना काहीच रूपरेखा, आई हवी म्हणूनी सोडी न जीव हेका.’ चेहराच आठवत नाही! आपण धरून चालतो की आधी आठवण, मग हुरहूर. इथे नुसतीच हुरहूर. बरं, हाल झाले अशी तक्रारही नाही; जगात आपली आबाळ झाली नाही, हे ते स्वतःच कबूल करतात. सगळं मिळालं, तरी जाच आहेच. मराठीत इतकं प्रामाणिक विलापगीत मला दुसरं दिसत नाही.

हाच माणूस ‘छंदोरचना’ हा मराठी वृत्तांवरचा ग्रंथ लिहिणारा. वृत्तात बसवलेलं दुःख कमअस्सल, असं आपल्याकडे फार बोललं जातं. मला ते पटत नाही. ज्याच्याकडे सांगायला प्रसंग आहेत, त्याचं मुक्तछंदात भागेल. ज्याच्याकडे एकही प्रसंग नाही, त्याने काय करावं? तो हाकच मारणार, पुन्हा पुन्हा. पहिली ओळ म्हणून पाहा, ‘प्रेमस्वरूप आई, वात्सल्यसिंधु आई’: अर्ध्यावर थांबावं तर ‘आई’, ओळ संपवावी तर परत ‘आई’. ही किमया वृत्ताची.

आता शेवट. ‘घे जन्म तू फिरोनी, येईन मीहि पोटी’, हे आईला उद्देशून. पुढची ओळ, ‘खोटी ठरो न देवा, ही एक आस मोठी’, एकदम देवाला. इतका वेळ जिच्याशी बोलणं चाललं होतं ती ऐकायला नाही, हे कवीला इथे उमगलेलं असतं. आणि मागणं बघा: हरवलेली आठवण तो मागतच नाही, आईच पुन्हा मागतो.