पिळायचं नाही

वेंगुर्ल्याजवळचं कौलारू घर. बाहेर आषाढ कोसळतोय, माजघरात काचेची एक मोठी बरणी. महाराष्ट्रात मद्य बनवायला परवाना लागतो, घरच्या बरणीलाही. म्हणून या व्हिडिओत चेहरे दिसणार नाहीत, फक्त हात.

बरणीत सातेरी मधमाश्यांचा मध, पाणी, यीस्ट आणि एरवी पायाखाली चेपून जाणारी परसातली जांभळं. वरून जास्वंदीच्या पाकळ्या. मध आंबून झालेली ही मीड, मधाची वाइन. आंबताना सुटलेला वायू सालींना वर उचलतो. हा तरंगता चोथा रोज पळीने दाबायचा; वर कोरडा राहिला तर आमच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

बुडबुडे थांबलेत. आज गाळायचं.

आधी झारा. ही पाकळी जवळून पाहा. लालभडक होती, आता पांढुरकी, बुळबुळीत. रंग सगळा मीडमध्ये उतरलाय. हाच बुळबुळीतपणा फडक्याची भोकं बुजवतो, म्हणून पाकळ्या पहिल्यांदा काढायच्या.

मग जांभळं. उकळत्या पाण्यातून काढलेलं मलमलचं फडकं पातेल्यावर ताणून बांधलंय. एक हात फडक्याला पीळ द्यायला जातो, दुसरा त्याला धरतो. "पिळूक नको, गळांदे आपसूक."

पिळलं की गर फडक्यातून निसटतो, सालीबियांचा तुरटपणा उतरतो, आणि मीड गढूळ होते ती लवकर निवळत नाही. सोलकढीसाठी खोबरं शेवटच्या थेंबापर्यंत पिळणारे हे हात. इथे अर्धा तास नुसते मांडीवर.

गाळलेली मीड लहान बरणीत, पार गळ्यापर्यंत भरलेली, हवेला जागा नको म्हणून. झाकणाला एअरलॉक: आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी झडप.

बारा दिवसांनी.

तळाशी यीस्टचा साका बसलाय, पिठूळ, फिकट जांभळा. बरणी न हलवता टेबलावर, रिकामी बरणी जमिनीवर. नळीचं वरचं टोक साक्याच्या दोन बोटं वर, खालचं दुसऱ्या बरणीच्या तळाला टेकलेलं. धार उंचावरून पडली की हवा मिसळते आणि मीडची चव शिळी होते. नळीतून चढणारा हा रंग बघा.

शेवटची दोन बोटं साक्यासकट सोडून द्यायची.

खिडकीपाशी एक ग्लास. त्याच्या आरपार, भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे.