दहा तारखेचा फरक

(ठाण्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

'कर्मचाऱ्यांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे कौशल्य कसे रुजवावे' हा विषय पत्रिकेवर छापला आहे. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण वागळे इस्टेट, ऐरोली, महापे येथील कार्यालयांतून थेट इकडे आलेले दिसतात. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी ते कधी ना कधी वापरून पाहिले असणार, म्हणून त्याची ओळख करून देण्यात मी वेळ घालवत नाही. मला एक जुनाच प्रश्न मांडायचा आहे. नवे यंत्र कार्यालयात आले की माणसे ते नेमकी कुठे शिकतात? माझ्या अनुभवात ती आपल्या टेबलावर, त्या दिवसाच्या कामातून शिकतात, आणि ज्याला आपले मूळ काम मुळापासून येते तो ते सर्वांत नीट शिकतो. हे मी प्रथम कुठे पाहिले ते सविस्तर सांगते.

मी लिपिक म्हणून लागले ती बँकेची नौपाड्यातील शाखा त्या काळी जाड बांधणीच्या लेजरांवर चालत असे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला आणि पुढील काही वर्षांत शाखांमध्ये ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खात्यांच्या नोंदी आणि हिशेब करणारे, आमच्या बोलण्यातले एएलपीएम, येऊ लागले. संघटनांचा विरोध, द्वारसभा, नोकऱ्या जाण्याची धास्ती हे सारे येथील ज्येष्ठांनी स्वतः पाहिले आहे. आम्हाला पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला पाठवण्यात आले. यंत्र मात्र शाखेत त्यानंतर सात महिन्यांनी आले आणि तोवर वहीत उतरवलेल्या आज्ञांपैकी एकही कोणाच्या लक्षात राहिलेली नव्हती. त्या पाच दिवसांबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. ज्यांनी शिकवले ते जाणकार होते आणि आम्हीही मन लावून ऐकत होतो, परंतु समोर आमचे खाते नव्हते, आमचे व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची चिठ्ठी, नव्हते आणि चुकले तर कोणाचे पैसे अडकतील ही काळजीही नव्हती.

आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. प्रशिक्षणात त्या सर्वांत मागे पडल्या होत्या आणि कळफलकाला हात लावायलाही बिचकत. पहिल्या सहामाहीचे व्याज यंत्राने काढले त्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षक पासबुक भरून घ्यायला आले. ताईंनी नोंदीवर नजर टाकली आणि त्या थांबल्या. व्याज सतरा-अठरा रुपयांनी कमी दिसत होते. बचत खात्यावरील व्याजाचा तेव्हाचा नियम तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत जी किमान शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळे. दररोजच्या शिलकेवर व्याज देण्याची पद्धत १ एप्रिल २०१० पासून आली. हे गुरुजी १ तारखेला घरभाडे आणि वाणसामानासाठी पैसे काढत, ४ तारखेला त्यांचे निवृत्तिवेतन जमा होई आणि मधले तीन दिवस खात्यात जेमतेम दोनशे रुपये उरत. यंत्राने तेच दोनशे धरले होते.

अधिकारी म्हणाले की यंत्र चुकणार नाही. ताई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी त्या खात्याच्या सहा महिन्यांच्या किमान शिलका कोऱ्या कागदावर मांडल्या, मग आणखी दहा खाती तपासली आणि संध्याकाळी दाखवून दिले की हिशेबाची सुरुवात १० ऐवजी १ तारखेपासून झाली आहे. शाखेतील सर्व बचत खात्यांचे व्याज पुन्हा काढावे लागले. त्यानंतर दुपारी दोन वाजता काउंटर बंद झाला की आम्ही ताईंच्या टेबलाभोवती जमत असू. त्या दिवसाची व्हाउचर यंत्रात टाकायची, उत्तर यायच्या आधी स्वतःचा अंदाज कागदावर लिहायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम होता. तीन महिन्यांत सारी शाखा शिकली.

आजच्या यंत्राला तर ताईंची अधिकच गरज आहे. एएलपीएमला दिलेला नियम चुकीचा असेल तर ते प्रत्येक खात्यात सारखेच चुकत असे, त्यामुळे चूक सापडली की मुळाशी जाता येई. चॅटजीपीटीसारख्या साधनामागचे भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द काढत जाते, म्हणून त्याची चूक बरोबर उत्तराइतक्याच सफाईदार वाक्यात येते आणि दर वेळी निराळ्या जागी येते. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने जून २०२३ मध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला, कारण चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले खटले त्यांनी दाखले म्हणून सादर केले होते. आपल्याकडचे उदाहरण देते. सीबीडी बेलापूरमधील एका कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे आयात-निर्यातीचे सीमाशुल्काचे कागद करून देणाऱ्याच्या, कार्यालयात मी शिकवायला जात असे. तेथील एका मुलाने मालाच्या वर्णनावरून एआयकडून सीमाशुल्कासाठी लागणारा मालाचा आठ अंकी वर्गीकरण क्रमांक मिळवला. यातील पहिले सहा अंक जगभर समान असतात आणि पुढचे दोन आपल्या देशाचे असतात. पहिले सहा अचूक होते. वीस वर्षे न्हावा शेवा बंदराच्या कामात असलेल्या गृहस्थांनी शेवटच्या दोन अंकांवर बोट ठेवले आणि सांगितले की आपल्या दरपत्रकात असा क्रमांकच नाही. त्या मुलाला प्रॉम्प्ट (यंत्राला द्यायची सूचना) उत्तम लिहिता येत होता, पण ही खोट त्याला दिसली नसती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि सभागृह नऊ वाजता रिकामे करून द्यायचे आहे, तेव्हा उपाय थोडक्यात सांगते.

दोनशे जणांना एका दालनात बसवून दोन तास चित्रफिती दाखवणे आणि शेवटी प्रमाणपत्र वाटणे यावरचा खर्च थांबवावा. तोच वेळ कामाच्या तासांतून, आठवड्याला दोन तास याप्रमाणे, प्रत्येक विभागाला द्यावा. घरी जाऊन शिका असे सांगणे अन्यायाचे आहे. कर्जत-कसारा गाडीने घर गाठणाऱ्या बाईच्या हाती रात्री कोणता वेळ उरतो? विभागातील एक जुना जाणकार आणि एक तरुण अशी जोडी करावी, त्यांनी आपलेच एक नेहमीचे काम घ्यावे आणि यंत्र कुठे चुकले याची वही ठेवावी. माझ्या मते ही वहीच त्या विभागाचे पाठ्यपुस्तक होते.

ग्राहकांची नावे, खाते क्रमांक, वैद्यकीय कागद बाहेरच्या साधनात टाकायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी लेखी द्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. युरोपीय संघात तर एआय वापरणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांना त्याचे पुरेसे ज्ञान द्यावे, असे बंधन २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाले आहे.

आणि मालकवर्गाला एक कळकळीची विनंती आहे. तुमची माणसे एआय आजही वापरतात, पण मोबाईलवर, लपून. कारण तीन तासांचे काम एका तासात झाले हे कळले तर आपली जागा जाईल, असे त्यांना वाटते. ती जाणार नाही, असे तुम्ही स्पष्ट शब्दांत लिहून देत नाही तोवर कोणीही आपली युक्ती शेजारच्या टेबलाला सांगणार नाही.

पत्रिकेत सुचवल्याप्रमाणे ज्यांनी आपल्या कामाचा एखादा कागद सोबत आणला आहे, त्यांनी त्यावरील नावे आणि क्रमांक पेनाने खोडून खाली ग्रंथपालांच्या टेबलापाशी यावे. उत्तर काय यायला हवे याचा तुमचा अंदाज मात्र कागदाच्या मागे आधीच लिहून आणा.