पिवळ्याचे शेजारी

(छायाचित्रणाच्या कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी पडद्यावरचा फोटो नीट बघून घ्या. पाऊस नुकताच थांबलाय. ओला रस्ता, त्यावर पिवळे पट्टे, पिवळा रेनकोट घातलेली एक बाई रस्ता ओलांडतेय आणि मागे एका खिडकीत दिवा लागलाय. ‘पिवळा’ एवढाच विषय घेऊन मी वर्षभर रस्त्यावर फिरलो, त्यातला हा एक. आता हीच फाइल कॅमेऱ्यातून निघाली तशी दाखवतो. पिवळा यातही आहे. पण डावीकडे लाल कचरापेटी आहे, वर निळी पाटी आहे, उजवीकडून झाडाची फांदी घुसली आहे. सगळे एकदम बोलताहेत आणि कुणाचंच ऐकू येत नाही.

अशा वेळी हात कुठे जातो ते मला चांगलं ठाऊक आहे, माझाही तिथेच जायचा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्याच्या सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाच्या भडकपणाचा, स्लायडर धरायचा आणि उजवीकडे ओढायचा. मग काय होतं बघा. रेनकोट भडकला, पण त्याच्या घड्या गेल्या. पडद्यावरचा पिवळा म्हणजे भरपूर लाल, भरपूर हिरवा आणि अगदी थोडा निळा. घडीचा फिकेपणा, ओलसर चकाकी, हे बरंचसं त्या थोड्या निळ्याच्या चढउतारात असतं. सॅच्युरेशन ओढत गेलात की निळा शून्याला टेकतो आणि तो चढउतारच पुसला जातो. उरतो तो कागदातून कापून चिकटवलेला पिवळा तुकडा.

थीमचा रंग वाढवायचा नसतो, त्याचे शेजारी सांभाळायचे असतात. आज मला सांगायचंय ते एवढंच, आणि ते मी शोधून काढलेलं नाही. फ्रान्समध्ये गोबलँ नावाचा गालिचे आणि भिंतीवर टांगायची चित्रं विणणारा प्रसिद्ध कारखाना होता. तिथल्या रंगाई विभागाची जबाबदारी शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काळा रंग बरोबर उतरत नाही, फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. तो काळा ज्या रंगांच्या शेजारी विणला जात होता, ते त्याला फिका पाडत होते. त्यावरून त्याने रंगांच्या परस्पर विरोधाचा नियम मांडला, १८३९ साली. आपण एडिटिंगला बसतो तेव्हा त्याच तक्रारीची फाइल समोर असते.

तेव्हा या फोटोत मी पिवळ्याला जवळजवळ हात लावलेला नाही. लाल पेटीचं सॅच्युरेशन निम्म्याहून जास्त उतरवलं आणि ल्युमिनन्सही, म्हणजे त्या रंगाचा उजळपणा, कमी केला. ती विटकरी झाली, अंधारात सरकली. शून्यावर मात्र नेली नाही. पूर्ण राखाडी झालेली वस्तू रंगीत फोटोत लगेच उघडी पडते, आणि सभोवती सगळं काळं-पांढरं ठेवून एकच वस्तू रंगीत ठेवण्याचा जो प्रकार आहे, तो मला पहिल्यापासून खटकतो. तिथे रंगाला शेजारीच उरत नाही. त्याने कुणाशी बोलायचं?

निळी पाटी मी मुद्दाम राहू दिली, फक्त गडद केली. पडद्यावरच्या रंगांत निळा हा पिवळ्याच्या बरोबर समोरचा. ओल्या डांबरातही थोडा निळा आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे सगळ्या फोटोचा पिवळसर-निळसर तोल, किंचित थंड बाजूला नेल्यावर रस्ता निळसर झाला आणि खिडकीतला दिवा, ज्याला मी वेगळं काहीच केलं नव्हतं, तो उबदार दिसायला लागला.

आता झाडाची फांदी. पानं हिरवी म्हणून हिरव्याचा स्लायडर ओढलात तर फारसं काही हलत नाही. पानांचा बराचसा रंग सॉफ्टवेअरच्या हिशेबात पिवळ्यात मोडतो. पिवळा कमी करावा तर रेनकोटही विझतो. इथे मास्कला, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून बदलण्याला, पर्याय नाही: फांदीपुरता मास्क, त्यात पिवळा खाली, आणि फांदी शेवाळी होऊन गप्प.

चेहऱ्याचं प्रकरण याहून नाजूक. माणसाची त्वचा, गोरी असो की सावळी, मुख्यतः केशरी पट्ट्यात येते. सुरुवातीच्या एका फोटोत मागची केशरी भिंत मला नको होती. केशरीचं सॅच्युरेशन उतरवलं, भिंत छान शांत झाली, मी खूश. दोन दिवसांनी प्रिंट हातात आली तेव्हा लक्षात आलं की भिंतीसमोर उभा असलेला माणूस आजारी दिसतोय. राखेचा हात फिरवल्यासारखा. स्क्रीनवर मी चार तास भिंतीकडेच बघत होतो. तेव्हापासून एडिटिंग संपलं की फोटो बंद करतो आणि सकाळी उघडल्यावर सगळ्यात आधी चेहरा बघतो.

हे सगळं रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीवर. जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा यांतल्या दर रंगाला गडदपासून उजळपर्यंत २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आकाश किंवा भिंत गडद करताना जेपेगवर पट्टे उमटतात, ते त्यामुळेच.

कुणीतरी विचारेल, पिवळाच हवा तर सोडियमच्या दिव्याखाली फोटो काढा, सगळं आयतं पिवळं मिळेल. मीही काढले. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो. त्याखाली लाल गाडी, निळा सदरा, हिरवं झाड, सगळ्या एकाच रंगाच्या कमीजास्त छटा. हे रंग नंतर परतही आणता येत नाहीत, कारण कॅमेऱ्यापर्यंत ते पोचलेलेच नसतात. गंमत अशी की त्या फोटोंत पिवळाही दिसत नाही. थोडा वेळ बघितलं की डोळा त्याची सवय करून घेतो आणि काळा-पांढरा फोटो बघितल्यासारखं वाटतं.

याच्या उलट सॉल लायटर. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तो १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून रंगीत फोटो काढत होता, अनेकदा मुदत उलटलेल्या फिल्मवर. वाफेने धुरकटलेली काच, बर्फ, अर्ध्याहून अधिक चौकट काळोखी आणि कोपऱ्यात छत्रीचा एवढासा लाल. त्याच्या हातात स्लायडर नव्हते. शेजारी गप्प करण्याचं काम तो कुठे उभं राहायचं ते ठरवताना करत होता. मला विचाराल तर अर्धं एडिटिंग तिथेच उरकतं.

मालिका करताना आणखी एक अडचण येते. बारा फोटो ओळीने लावले की बारा पिवळे दिसतात: हळदी, लिंबू, केतकी, मोहरी. सगळे एकाच साच्यात बसवायचा मोह होतो. मी तो करत नाही, कारण पिवळे वेगवेगळे असण्यातच मजा आहे. जुळवतो त्या सावल्या. एक फोटो नमुना म्हणून शेजारी उघडा ठेवतो आणि बाकीच्यांच्या काळ्यात तोच निळसरपणा येईल एवढं बघतो. सावल्या एका घरातल्या वाटल्या की पिवळे आपोआप भावंडं वाटतात.

शेवटी, कुठे थांबायचं. बातमीच्या फोटोला यातलं बरंच काही चालणार नाही, ते क्षेत्रच वेगळं. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की रंग दबवायचा, गडद करायचा, पण एका रंगाचा दुसरा करायचा नाही. हे शहाणपण उगाच आलेलं नाही. एका फोटोत सगळं जमलं होतं, फक्त रेनकोट हिरवा होता. मी रेनकोटाला मास्क घातला, ह्यू, म्हणजे रंगच बदलणारा स्लायडर, फिरवला आणि पिवळा केला. कुणाला कळणार? बऱ्याच जणांनी बघितला, वाखाणला. मग प्रदर्शनात एक लहान मुलगी त्या प्रिंटसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, “काका, ही पाण्यात हिरवी का दिसते?”

पायाशी डबकं होतं. त्यातलं प्रतिबिंब मी विसरलो होतो.

तो फोटो मी मालिकेतून काढला, रेनकोट पुन्हा हिरवा केला आणि ‘हिरवा’ नावाचं नवं फोल्डर उघडून त्यात ठेवला. तिथे तो अजून एकटाच आहे.