मशीनचं पाणी थांबत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

कपडे धुण्याचं मशीन पाणी घेतच राहिलं आणि टब भरून ते फरशीवर आलं, की आपण आधी पोछा शोधतो. पोछा राहू द्या. आधी मशीनचा नळ बंद करा, मग वीज. पाणी बोर्डापर्यंत गेलं असेल तर प्लगला हात लावू नका, कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करा. जिवापुढे फरशीची काय किंमत?

आता टबातलं थोडं पाणी काढून घ्या. प्लग काढलेलाच ठेवून नळ जरा उघडा आणि नीट बघा. मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढं प्रत्येकानं करावंच, कारण बिघाड कुठे आहे ते इथेच कळतं.

वीज नसतानाही आत धार पडतेय? मग दोष इनलेट व्हॉल्व्हचा, म्हणजे मशीनमध्ये पाणी आत घेणाऱ्या झडपेचा. त्याच्या आत एक रबरी पडदा असतो आणि पडद्याला बारीकसं छिद्र. त्या छिद्रातून वर गेलेलं पाणीच पडद्याला दाबून बंद ठेवतं. तिथे कचरा अडकला, की पडदा नीट बसत नाही. नळाला दाब फारच कमी असला तरी हेच होतं. तोंडाची जाळी घरी साफ करता येते, पण व्हॉल्व्ह खोलून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. मॉडेल नंबर देऊन नवाच आणा.

आणि धार थांबली तर? टबाच्या तळापासून प्रेशर स्विचपर्यंत एक बारीक नळी जाते. पाणी चढतं तशी नळीतली हवा दाबली जाते, त्यावरून मशीनला पातळी कळते. नळी निसटली, चिरली किंवा साबणाच्या गाळानं तुंबली, की मशीनला टब रिकामाच वाटतो. बऱ्याचदा फक्त टोक सैल झालेलं असतं. नळीला ढील असेल तर तेवढं टोक कापून पुन्हा घट्ट बसवा. नळी धड असेल, तर मग स्विच किंवा सर्किट. ते काम मात्र मेकॅनिकचं.

मशीन पाणी सोडतानाच फरशी भिजत असेल, तर मोरीचा पाईप तुंबलाय का ते बघा. नुसता फेस उतू जात असेल, तर पावडर कमी करा.

दुरुस्तीनंतर पहिलं पाणी कपडे न घालता भरा आणि ते आपोआप थांबेपर्यंत तिथून हलू नका.